मोहदरी घाटात रहस्यकथा नको

वाचकाचं पत्र:

'मी जेलरोडला राहते. नोकरी सिन्नरच्या अलीकडे, माळेगाव एमआयडीसीत. दोन वर्षांपासून स्वतः गाडी चालवत जाते. सकाळचा पाऊण तास आणि संध्याकाळचा पाऊण तास, एवढाच वेळ माझा एकटीचा. घरी सासू-सासरे, मिस्टर आणि दोन मुलं. म्हणून गाडीत मी मनासारखं ऐकते. कीर्तनं, गाणी आणि अलीकडे मोबाइलवरच्या कादंबऱ्या. गेल्या महिन्यात एक रहस्यकथा ऐकत निघाले होते. कंपनीच्या गेटवर फास्टॅगचा मेसेज दिसला तेव्हा लक्षात आलं, शिंदे टोलनाका कधी मागे पडला ते आठवतच नाही. मोहदरी घाटही आठवेना. घाबरून मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "आजपासून गाडीत काही लावायचं नाही. चालवताना कान मोकळे हवेत." आठवडाभर तसं केलं, फार जड गेलं. शिवाय रविवारी सगळे मिळून निघालो की काय लावायचं यावरून गाडीत भांडण ठरलेलं. मी ऐकणं सोडून देऊ का? आणि नाही सोडलं तर काय ऐकू?

ता. क. म्युझिक सिस्टीमवाला मोठा वूफर बसवून घ्या म्हणतोय. घेऊ का?'

* * *

ताई, सोडू नका. आधी हे उत्तर, बाकीचं मागाहून बोलू.

टोलनाक्याच्या प्रसंगाइतकंच तुमच्या पत्रातलं दुसरं एक वाक्य मला लागलं. 'एवढाच वेळ माझा एकटीचा.' घरात आणि कामावर दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घेणाऱ्या बाईला पाऊण तास आपल्या आवडीचं ऐकायला मिळतं, ही चैन नव्हे. त्या पाऊण तासाच्या जोरावर संध्याकाळचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा निभावतात. तो वेळ काढून घेणारा सल्ला तुम्ही फार दिवस पाळणार नाही, आणि पाळावा असं मला वाटतही नाही. तरी त्या दिवशी तुम्ही घाबरलात ते योग्यच होतं. घरी येऊन लपवलं नाहीत, हे त्याहून चांगलं केलंत.

आता तो टोलनाका. रोजच्या रस्त्यावर हे होतं. बिटको, सिन्नर फाटा, चेहेडीचा पूल, पळसे, शिंदे. तीच वळणं, तेच गतिरोधक. हातपाय सवयीने आपलं काम करत राहतात आणि मन त्याची नोंद ठेवत नाही. गाडीत चिडीचूप शांतता असली तरी असं होतं. तेव्हा 'आठवत नाही' याचा अर्थ तुम्ही आंधळेपणाने चालवत होतात असा होत नाही. टोलला वेग कमी केलात, रांगेत थांबलात, पुढच्या गाडीपासून अंतर राखलंत, घाटात गिअर बदललेत. एवढं सवय सांभाळते. तिला सांभाळता येत नाही ते अवचित येणारं. ढाब्यातून राँग साइडने निघालेली मोटरसायकल, दुभाजकाच्या फटीतून पलीकडे जायला निघालेलं माणूस, टायर फुटून आडवा झालेला टेम्पो. ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. लक्ष दोन सेकंद उशिरा जागेवर आलं तर ४४ मीटर रस्ता सरलेला असतो, आणि पाय ब्रेककडे त्यानंतर जातो.

लक्ष जातं कुठे, हे २००८ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तपासून पाहिलं गेलं. माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून पडद्यावरची आभासी गाडी चालवायला दिली. काही वेळा नुसतीच, काही वेळा कानावर वाक्यं ऐकवत. प्रत्येक वाक्य खरं की खोटं, तेवढं ठरवायचं. ऐकण्याच्या वेळी मेंदूच्या ज्या भागाकडे जागा आणि अंतर यांचं भान असतं, तिथलं गाडी चालवण्याशी जोडलेलं काम ३७ टक्क्यांनी उतरलं, आणि गाडी लेनबाहेर भरकटण्याच्या चुका वाढल्या. हातात फोन नव्हता, तोंडाने बोलायचं नव्हतं. ऐकायचं आणि समजून घ्यायचं, इतकंच.

समजून घ्यायचं, यातच सगळी मेख आहे. कानावर आवाज पडतो याने फारसं बिघडत नाही. त्या आवाजाचा धागा धरून ठेवावा लागतो तेव्हा बिघडतं. रहस्यकथा तर धागा धरायलाच लावते. कुलूप कुणी उघडलं, चिठ्ठीतलं अक्षर कुणाचं, माळी खोटं बोलतोय का. एक वाक्य सुटलं की पुढचं सगळं फसतं. तुम्ही ते सुटू दिलं नाहीत, म्हणून घाट सुटला. म्हणून गाडीत काय लावायचं याची माझी कसोटी एकच आहे. ऐकता ऐकता अर्धा मिनिट लक्ष रस्त्यावर गेलं, तर मागे जाऊन पुन्हा ऐकावंसं वाटेल का? वाटणार असेल, तर ते गाडीत लावायचं नाही, मग ते कितीही उत्तम असो. धागा सुटला तरी हळहळ वाटणार नाही, ते खुशाल लावा.

या कसोटीला तुमची कीर्तनं फार चांगली उतरतात, आणि त्याचं कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. वारकरी कीर्तनाची बांधणी आठवून पाहा. बुवा एक अभंग घेतात. त्यातलं एक चरण सोडवत जातात. प्रमाण म्हणून ज्ञानोबांची ओवी येते, तुकोबांचा दुसरा अभंग येतो, मग दृष्टांत, गावातली एखादी गोष्ट. बुवा कितीही लांब गेले तरी टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पुन्हा त्याच चरणाशी येऊन उभे राहतात. ही बांधणी उघड्या पटांगणातली आहे. श्रोता उशिरा येणार, बाई रडतं पोर घेऊन मध्येच बाहेर जाऊन परत बसणार, म्हातारा डुलकी काढून जागा होणार. त्या सगळ्यांना पुन्हा आत घेण्याची सोय कीर्तनात पहिल्यापासून करून ठेवलेली आहे. तुम्ही टोलच्या रांगेत पाच मिनिटं दुसरीकडे होतात म्हणून बुवा रागावत नाहीत. चरण परत येतं, तुम्हीही परत येता. फक्त रेकॉर्डिंग पारखून घ्या. काही बुवांचा आवाज हळू बोलता बोलता एकदम टिपेला जातो. हळू ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवलेला असतो, आणि नेमका वळणावर कानठळ्या बसवणारा गजर येतो. असं कीर्तन घरी ऐका.

ख्यालाचंही, म्हणजे रागदारी गाण्याचंही, काहीसं असंच आहे. बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिची पहिली ओळ, तालाच्या दर फेरीला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, घेऊन येतो, त्यामुळे मधलं काही हुकलं तरी वाट सापडते. नाशिकला हे गाणं परकं नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तर आयुष्यात इथे आश्रम काढून राहिले, त्या काळापासून गोदाकाठच्या घरांत तानपुरा आहे. तरी जेवण झाल्यावरच्या ड्रायव्हिंगला अति विलंबित, म्हणजे फार संथ लयीतलं, लावू नका, डोळे जड होतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या जमान्यातलं गाणं तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेलं असे. तसल्या छोट्या चिजा गाडीसाठी फार सोयीच्या.

आणि पाठ असलेली गाणी. यांना तोड नाही. शाळेत असताना रेडिओवर ऐकलेली भावगीतं, आजीचे अभंग, लग्नाच्या वरातीत नाचलेली गाणी. ज्याचा पुढचा शब्द तोंडात आपसूक येतो, त्यासाठी मेंदूला कष्ट पडत नाहीत. गुणगुणा, मोठ्याने म्हणा. काचा बंद आहेत, गाडी तुमची आहे. नवा अल्बम किंवा मुलाने पाठवलेलं नवं गाणं आधी घरात दोन-चारदा ऐकून जुनं करा, मग गाडीत आणा.

रेडिओला तुम्ही पत्रात जागाच दिली नाही, याचं मला जरा वाईट वाटलं. आकाशवाणीचं नाशिक केंद्र एफएमवर १०१.४ ला लागतं. रेडिओचा मोठा गुण म्हणजे तिथे निवड दुसरं कुणीतरी करतं. हे नको, पुढचं लावू, मागचं लावू, असा हाताला चाळाच राहत नाही. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली. तेव्हापासून ती ऐकली गेली ती पिठाच्या गिरणीत, शिलाई मशीनवर, ट्रकच्या केबिनमध्ये. हात कामात गुंतलेल्या माणसांनी ऐकायची गोष्ट म्हणूनच ती घडत गेली. मध्येच ऐकायला लागा, मध्येच बंद करा, कुठेच काही अडत नाही. एक अडचण आहे. एफएमच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की खरखर सुरू होते. घाटाच्या तोंडाशी हे होणारच, आणि खरखर झाली की हात आपोआप बटणाकडे वळतो. तिथे एकच सवय लावून घ्या: स्टेशन शोधायचं नाही, सरळ बंद करायचं.

व्याख्यानं मधल्या जागी बसतात. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेत ऐकतो तशी, किस्से सांगत रमतगमत पुढे जाणारी असतील तर चालतील. मुद्द्याला मुद्दा जोडत जाणारी असतील तर घरी. क्रिकेटची कॉमेंट्री चालते, पण सामना शेवटच्या दोन षटकांवर आला की बाजूला गाडी लावून ऐका. बातम्यांच्या चॅनेलवरचे वाद मात्र अजिबात नकोत. त्यातून चढलेला राग आपण पुढच्या रिक्षावाल्यावर काढतो.

आता तुमचा रस्ता. संपूर्ण पाऊण तासाला एकच नियम लावणं मला पटत नाही, कारण तो रस्ता एका जातीचा नाही. घरून निघाल्यावर बिटकोपर्यंत आणि पुढे सिन्नर फाटा ओलांडेपर्यंत गाडीत काहीच लावू नका. शाळेच्या व्हॅन, रिक्षा, मधूनच वळणाऱ्या स्कूटर, आणि आता सिंहस्थाच्या तोंडावर शहरात जागोजागी निघालेली कामं. या पहिल्या दहा मिनिटांच्या शांततेचा आणखी एक उपयोग आहे. गाडी स्वतःबद्दल बरंच काही आवाजातून सांगत असते. ब्रेकची किरकिर, एखाद्या चाकाची घरघर, इंजिनच्या पट्ट्याची शीळ. गॅरेजमध्ये जाण्याआधी हे तुमच्याच कानावर आलं पाहिजे, आणि रोज गाणं लावूनच गाडी सुरू केली तर ते कधीच येत नाही. चेहेडीच्या पुढे रस्ता मोकळा झाला की कीर्तन लावा, गाणं लावा. तो तुमचा खरा वेळ. मोहदरीच्या पायथ्याशी बंद. चढाला रेंगाळणारे कंटेनर, त्यांना ओलांडायला बाहेर पडणाऱ्या गाड्या, वळणापलीकडचा हॉर्न. तिथे कान सगळेच्या सगळे लागतात. घर शोधताना किंवा अरुंद जागेत गाडी लावताना आपला हात नकळत आवाज कमी करायला जातो ना? डोळ्यांचं काम वाढलं की कानांचं कमी करावं लागतं, हे शरीराला शिकवावं लागत नाही. घाटात तेच ठरवून करायचं.

संध्याकाळी परतताना ऊन समोरून येतं, डोळे दुखतात, डोक्यात दिवसभराचं साठलेलं असतं, आणि शिफ्ट सुटल्यामुळे रस्त्यावर मोटरसायकलींची गर्दी. त्या वेळी मन हलक्या, द्रुत, ठेका धरायला लावणाऱ्या गाण्याकडे धावतं. थोडं सांभाळा. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठात आभासी गाडीवर प्रयोग झाले, त्यात संगीताची लय वाढली तसा गाडीचा वेगही वाढला आणि लाल सिग्नल तोडण्याच्या चुकाही वाढल्या. चालवणाऱ्याला वाटत असतं, पाय आपला आहे. पायाने तबल्याचं ऐकलेलं असतं. तेव्हा संध्याकाळसाठी मध्य लयीतलं काहीतरी ठेवा.

झोपेबद्दल मात्र मला फार कळकळीने सांगायचं आहे, कारण रोजच्या रस्त्याबरोबर तुम्ही कधीतरी पुण्यालाही जात असाल, आणि समृद्धीवर तर जाणं आता सोपंच झालं आहे. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाट टाळून बोगद्यातून खाली उतरता यायला लागलं. अशा सरळसोट रस्त्यावर वळण नाही, चौक नाही, ढाबा नाही. डोळे मिटायला लागले की लोक आवाज वाढवतात, काचा खाली करतात, गाणं म्हणत सुटतात. याने झोप जात नाही. जागे असल्याचा भास तेवढा होतो, आणि तो भास झोपेपेक्षा वाईट. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी जेवणानंतरचे दोन-तीन तास शरीर झोप मागतंच. डुलकी आली की सुरक्षित जागा बघून थांबा, चहा-कॉफी घ्या, पंधरा-वीस मिनिटं खरोखर झोपा. कॉफीचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून आधी कॉफी आणि मग डुलकी. मिस्टर चालवत असतील तर त्यांनाही हेच लागू.

आवाज किती ठेवायचा? इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली पाहिजे, इतका. गाडीत बसून लगेच करून बघता येतं, कुठलं यंत्र लागत नाही. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर तुम्ही पुणे रस्त्यावर पाहिलाच असेल. मोठमोठे स्पीकर लावून वाजत चाललेला, आणि मागून ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत असली तरी चालवणाऱ्या पोराला पत्ता नसतो. काचा बंद करून, एसी लावून, मोठ्या आवाजात गाणं ऐकणाऱ्या गाडीतही तेच होतं, फक्त बाहेरच्यांना दिसत नाही. ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघते आणि पळसे, सिन्नर अशी तुमच्याच रस्त्याने पुढे जाते. रामनवमीच्या आगेमागे शिर्डीच्या पायी दिंड्या सिन्नरच्या बाजूने चाललेल्या असतात. त्या दिवसांत गाडीतलं बंद करून काच खाली घ्या. रस्त्याच्या कडेला लहान मुलं, म्हाताऱ्या बाया चालत असतात, आणि टाळांचा आवाज वळणाच्या आधी पोचतो.

काय लावायचं ते गाडी सुरू करण्याआधी ठरवा. जायचं कीर्तन आणि यायची गाणी घरच्या वायफायवर उतरवून घ्या, म्हणजे घाटात रेंज गेली तरी फोनकडे बघावं लागणार नाही. चालत्या गाडीत हातात मोबाइल धरून वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे. समोरच्या मोठ्या स्क्रीनवर बोटाने गाणी सरकवत बसणं त्या कलमात बसो न बसो, डोळे तेवढेच हटतात. स्टिअरिंगवरच्या बटणांनी आवाज कमी, बंद आणि पुढचं, एवढं जमलं की पुरे.

आता तुमचे मिस्टर. ते काळजीने बोलले आणि निम्मं खरं बोलले. शहरात आणि घाटात कान मोकळे हवेत हे त्यांचं म्हणणं मी वर पूर्ण मान्य केलंच आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल त्यांना एक विचारा: ते स्वतः गाडी चालवताना फोन आला तर काय करतात? तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत उत्तर एकच असतं. गाडीच्या स्पीकरवर घेतात आणि म्हणतात, हात तर मोकळे आहेत. गाण्यापेक्षा, कीर्तनापेक्षा, तुमच्या कादंबरीपेक्षाही तो फोन वाईट. कादंबरी निदान उत्तर मागत नाही. शेजारी बसलेलं माणूस बोलत असतं तेव्हा त्यालाही रस्ता दिसत असतो. पुढे ट्रक आडवा आला की ते बोलता बोलता थांबतं, कधी 'अहो, बघा' म्हणतं. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो बिलाचा आकडा विचारतच राहतो. तेव्हा नियम करायचाच असेल तर दोघांनी मिळून करा: तुमच्याकडून चालत्या गाडीत कादंबरी बंद, त्यांच्याकडून चालत्या गाडीत फोन बंद. असा करार घरात टिकतो, एकट्या तुमच्यावर घातलेली बंदी टिकणार नाही.

रविवारचं भांडण मला गोड वाटतं, पण ते चालवणाऱ्याच्या कानाशी चाललेलं असतं म्हणून मिटवायला हवं. गाडीत शेवटचा शब्द स्टिअरिंगवर असणाऱ्याचा. त्याला नको असेल तर बंद, त्यावर रुसवे नाहीत, मग चालवणारी तुम्ही असा की मिस्टर. त्याखाली वाटणी करा, आणि ती मिनिटांनी न करता गावांनी करा. त्र्यंबकला निघालात तर सातपूर सोडेपर्यंत काहीच नाही, तिथून महिरावणीपर्यंत सासूबाईंचं, पुढे अंजनेरीपर्यंत मुलांचं, आणि अंजनेरीपासून त्र्यंबकपर्यंत नुसत्या गप्पा. वणीला, पुण्याला तुमचे टप्पे तुम्ही ठरवा. गावं ठरलेली असली की घड्याळाकडे बघून 'माझा वेळ संपला नाही' अशी तक्रार राहत नाही, आणि मुलांना पाट्या वाचायची सवय लागते, हा वरचा फायदा. मोठ्या मुलाला त्याचं रॅप ऐकायचं असेल तर ऐकू द्या. मागच्या सीटवर बसणाऱ्याने हेडफोन घातला तर सुरक्षिततेला काही बाध येत नाही. पण संपूर्ण प्रवासभर नको. सासूबाई एखादी जुनी ओवी म्हणायला लागल्या आणि नातवाच्या कानात बोळे असतील, तर ती ओवी त्याला पुन्हा कुठे मिळायची? त्यांना येत असेल तर त्यांच्या टप्प्यात स्पीकर बंद करून त्यांनाच म्हणायला लावा. मुलांचं पाठ झालं तर सोन्याहून पिवळं.

तुमच्या अर्ध्या राहिलेल्या रहस्यकथेची मला काळजी आहे. ती टाकून देऊ नका. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, गच्चीवर चालताना ऐका. कंपनीत दहा मिनिटं आधी पोचता येत असेल तर गाडी पार्किंगला लावून, इंजिन बंद करून, सीट मागे घेऊन ऐका. खुनी सापडतो त्या प्रकरणाला तसंही कुणी मध्ये बोलायला नको असतं. घरी कुणी विचारलं की लवकर का निघतेस, तर खरं कारण सांगा. कादंबरी ऐकायची म्हणून लवकर निघणं ही लपवायची गोष्ट नाही.

आणि तो वूफर घेऊ नका. डिकीतली जागा जाते. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापून केलेली जोडणी पुढे वॉरंटीच्या आड येऊ शकते. त्यात तुम्ही जे ऐकता, कीर्तन, भावगीत, रेडिओवरचं बोलणं, त्यात माणसाचा गळा महत्त्वाचा, आणि वूफर गळा सोडून फक्त धडधड वाढवतो. आवाज खरंच फाटत असेल तर पुढच्या दारांतले स्पीकर तेवढे बदलून घ्या, तेही मूळ कपलरला, म्हणजे कंपनीने दिलेल्या वायरींच्या जोडाला, बसतील असे, वायर न कापता. दुकानदाराला हे आधी सांगा आणि जोडताना तिथे उभ्या राहा.